अतिथी, परका आणि पंक्ती : ख्रिस्ती आतिथ्यविचाराचा परिचय



ज्या शाळेत मी पाटीवर अक्षरे गिरवली, त्याच शाळेने आपल्या एका थोर शिक्षकाच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा मी भाग्याचा योग मानतो. सरांनी आम्हाला मराठी शिकवले. शब्दाला त्याचे कूळ विचारावे आणि माणसाला विचारू नये, असे ते हसत हसत सांगत. पुढे मी पस्तीस वर्षे मराठीचे अध्यापन केले. त्या काळात शब्दांची कुळे पुष्कळ विचारली. सरांच्या वाक्याचा उत्तरार्ध मात्र मला उशिरा उमगला. आजचे व्याख्यान त्या उत्तरार्धाविषयी आहे.

विषय आहे ख्रिस्ती धर्मातील आतिथ्यविचार. मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचा अधिकारीही नाही. तरी हा विषय निवडला, त्याला दोन कारणे आहेत. एक कारण अभ्यासाचे. पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक या दोघींच्या लेखनाशिवाय आधुनिक मराठी गद्याचा विचार पुरा होत नाही. त्या दोघींच्या आयुष्यात परक्याला घरात घेणे हा धर्माचा गाभा होता, आणि तो समजून घेतल्यावाचून त्यांचे लेखन उलगडत नाही. दुसरे कारण घरगुती आहे. दांडिया बाजारातील आमच्या वाड्यात स्वयंपाकघराबाहेरच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असे. त्या कपाची हकीकत मी शेवटी सांगणार आहे, कारण तिच्यात सरही आहेत आणि मीही आहे.

शब्दांची साक्ष

आरंभ शब्दांपासून करू. ‘अतिथी’ या शब्दाची आपल्याकडील पारंपरिक फोड म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध ‘अत्’ म्हणजे भटकणे या धातूशी लावतात. दोन्ही अर्थांनी अतिथी हा न बोलावता, न कळवता आलेला वाटसरू ठरतो. ‘पाहुणा’ हा संस्कृत ‘प्राघुण’ या शब्दापासून प्राकृतातून आपल्याकडे आला, आणि हळूहळू त्याला नात्याचा वास लागला. आज पाहुणा म्हटले की सोयरा डोळ्यांसमोर येतो. ज्याच्याकडे आपण उतरतो त्याला आपण ‘यजमान’ म्हणतो. यजमान म्हणजे मुळात यज्ञ करणारा. गृहस्थाच्या पाच महायज्ञांत अतिथीचा सत्कार हा एक यज्ञ गणला गेला आणि तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीला देवाच्या ठायी मानण्यास सांगितले. आतिथ्य हे धर्मकृत्य आहे ही कल्पना, तेव्हा, आपल्याला मुळीच परकी नाही.

बायबलच्या नव्या कराराची भाषा ग्रीक. तीत आतिथ्याला ‘फिलोक्सेनिया’ असा शब्द आहे. ‘फिलो’ म्हणजे प्रेम आणि ‘क्सेनोस’ म्हणजे परका. या शब्दाचा सरळ अर्थ परक्यावरील प्रेम. ‘क्सेनोस’ याचा अर्थ परका असाही होतो आणि पाहुणा असाही. लॅटिनमधील ‘होस्पेस’ हा शब्द तर पाहुणा आणि यजमान या दोघांनाही लागतो. हॉस्पिटल, हॉस्टेल आणि हॉटेल हे आपल्या नित्य वापरातले तीनही शब्द त्याच्याच वंशातले. एका शब्दातून रुग्णसेवा निघाली, विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले आणि पैसे घेऊन खोली देणारा धंदाही निघाला. आतिथ्याचा सारा इतिहास या तीन शब्दांत आला आहे म्हणावयास हरकत नाही.

तंबूचे दार आणि विहिरीचा काठ

ख्रिस्ती आतिथ्याची मुळे यहुदी परंपरेत आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाची एक कथा येते. मम्रे येथील वृक्षांजवळ, ऐन दुपारच्या उन्हात, तो तंबूच्या दारात बसला आहे. समोर तीन अनोळखी पुरुष उभे दिसतात. म्हातारा धावत जातो, भुईपर्यंत लवतो, पाय धुवायला थोडे पाणी आणि भाकरीचा तुकडा देऊ करतो. प्रत्यक्षात मात्र तो सारा पीठ मळायला सांगतो, कोवळे वासरू निवडून रांधायला देतो, आणि दही-दूध पुढे ठेवून पाहुणे जेवत असताना स्वतः झाडाखाली उभा राहतो. थोडे बोलावे आणि पुष्कळ वाढावे, ही रीत आपल्या घरांतूनही आहे. ते तिघे कोण होते हे त्याला आधी ठाऊक नव्हते. नव्या करारातील इब्री लोकांस पत्र याच कथेकडे बोट दाखवून सांगते की परक्यांचे स्वागत करताना काहींनी नकळत देवदूतांचे स्वागत केले.

या परंपरेचा दुसरा आधार आठवणीचा आहे. मोशेच्या नियमशास्त्रात परदेशी माणसाला आपल्यातलाच समजण्याची आज्ञा आहे आणि तिचे कारणही तेथेच दिले आहे. तुम्ही स्वतः मिसर देशात परके होता, ते विसरू नका. यजमान हा मूळचा निराश्रित आहे. ज्याने कधी दुसऱ्याच्या दारात उभे राहून पाहिले, त्यालाच दार उघडण्याचे मोल कळते. हा धागा आपण लक्षात ठेवू, कारण रमाबाईंपाशी पोहोचल्यावर तो पुन्हा हाती येणार आहे.

येशूच्या चरित्रात एक गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. तो बहुधा यजमान नसतो, पाहुणा असतो. काना गावच्या लग्नात तो पाहुणा आहे, मार्था आणि मरिया यांच्या घरी तो पाहुणा आहे. जक्कय नावाचा जकातदार लोकांच्या तिरस्काराचा विषय. त्याच्या घरी तर येशू आपण होऊन उतरायला जातो. योहानाच्या शुभवर्तमानात तो भर दुपारी विहिरीच्या काठी दमून बसतो आणि एका शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नव्हता. त्या स्त्रीलाच नवल वाटते की हा माझ्या हातचे पाणी कसे मागतो. मराठी वाचकाला या प्रसंगावर भाष्य नको. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, हा प्रश्न आपल्या विहिरींवर शतकानुशतके विचारला गेला आहे. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर तो साऱ्या देशासमोर उभा राहिला.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या दिवसाचा दृष्टांत हा या विचाराचा कळस. राजा उजवीकडच्यांना सांगतो की मी भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान होतो आणि तुम्ही माझी वास्तपुस्त केली. ते गोंधळून विचारतात, केव्हा? त्यांना काहीच आठवत नाही. यात मोठा अर्थ आहे. देव समजून परक्याला वाढले, तर तो हिशेब झाला. माणूस समजून वाढले, आणि तो देव होता हे मागाहून कळले. ख्रिस्ती आतिथ्यात श्रद्धा आहे ती अशी. ती ताट वाढताना मनात पुण्याची जमा मांडू देत नाही. ज्यांना परतफेड करता येणार नाही त्यांनाच जेवायला बोलवावे, असे येशू लूकच्या शुभवर्तमानात एका यजमानाला सांगतो, तेही याच सुरात.

पंक्तीचा प्रश्न

येथवरचे सारे ऐकायला गोड आहे. अडचण सुरू होते ती पंगत बसल्यावर.

पहिल्या शतकातील ख्रिस्ती मंडळींपुढचा अत्यंत कठीण प्रश्न, आपल्या भाषेत सांगायचे तर, पंक्तिव्यवहाराचा होता. पेत्र हा येशूचा अग्रणी शिष्य, जन्माने यहुदी. परजातीयांच्या घरी जाणे आणि त्यांच्यासह जेवणे त्याच्या आचारात बसणारे नव्हते. प्रेषितांच्या कृत्यांत, कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घराचा उंबरठा ओलांडण्याआधी त्याला तीनदा दृष्टांत व्हावा लागतो. पुढे अंत्युखियात तो परजातीयांबरोबर जेवू लागला. परंतु यरुशलेमहून कर्मठ मंडळी येताच पानावरून मागे सरला. त्याबद्दल पौलाने त्याला सर्वांदेखत खडसावले, हे पौलानेच गलतीकरांच्या पत्रात नोंदवले आहे. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. तेथेही पौल संतापला. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा देणाऱ्या आणि फाटक्या वस्त्रांतल्याला उभा ठेवणाऱ्या मंडळींचा समाचार घेतला आहे.

हे सारे ख्रिस्ती धर्मग्रंथातच लिहिलेले आहे, आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते. आतिथ्य ही त्या समाजाला आयती मिळालेली सिद्धी नव्हती. तो पहिल्या पिढीपासून तीत नापास होत होता आणि पुन्हा परीक्षेला बसत होता. अन्न देणे त्यांना जमले. शेजारी बसवणे जड गेले. दान आणि आतिथ्य यांतला भेद हाच आहे. दान हात लांब करून देता येते. आतिथ्यासाठी पाटाला पाट लावावा लागतो.

मठ, धर्मशाळा, रुग्णालय

पुढील इतिहास मी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या शतकाच्या आसपासच्या ‘दिदाखे’ या छोट्या ग्रंथात व्यवहारी नियम आढळतात. येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत करा, परंतु वाटसरू दोन किंवा फार तर तीन दिवस राहील. कायम राहू इच्छिणाऱ्याने काम करावे. आपल्या म्हणीतला पाहुणाही तिसऱ्या दिवशी अक्कल हरवून बसतो. माणसे सगळीकडे सारखीच.

चौथ्या शतकात रोमन सम्राट जूलियन याने ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांची उपासना पुन्हा प्रचारात आणण्याचा यत्न केला. ३६२ च्या सुमारास एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केले आहे की हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. म्हणून तुम्हीही गावोगाव धर्मशाळा काढा. विरोधकाच्या तोंडची ही साक्ष असल्याने तिचे मोल अधिक. त्याच शतकात कप्पदुकिया प्रांतातील कैसरिया येथे ३६९ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी बेसिल याने भुकेल्यांसाठी अन्न गोळा केले. पुढे बिशप झाल्यावर त्याने नगराबाहेर वाटसरू, रोगी, निर्धन आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी एक वसाहतच उभी केली. हॉस्पिटल या संस्थेच्या पूर्वजांत तिची गणना होते.

सहाव्या शतकात इटलीमध्ये बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांतील त्रेपन्नावा अध्याय पाहुण्यांचा आहे. येणारा प्रत्येक जण साक्षात ख्रिस्त समजून त्याचे स्वागत व्हावे, हे त्याचे सूत्र. गरीब आणि यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्यावी, असे सांगून बेनेडिक्ट मार्मिक कारण देतो. श्रीमंतांचा मान त्यांच्या धाकानेच राखला जातो. तो शिकवावा लागत नाही. दीड हजार वर्षे उलटली तरी या निरीक्षणात दुरुस्ती करण्याजोगे काही घडलेले नाही.

पुण्यातला चहा

आता आपल्या मुलखाकडे येऊ. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. शहरातील प्रतिष्ठित मंडळी निमंत्रित होती. त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते आणि बाळ गंगाधर टिळकही होते. कार्यक्रमानंतर मिशनच्या यजमानांनी रीतीप्रमाणे चहा आणि बिस्किटे पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानाचा मान राखण्यापुरता कप हाती धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर केली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ मध्ये खुद्द रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्या काळात घरात काय वाटत होते, ते रमाबाई रानडे यांच्या आठवणींत वाचायला मिळते.

या प्रकरणाकडे सुधारक विरुद्ध सनातनी या दृष्टीने नेहमी पाहिले जाते. मी आतिथ्याच्या बाजूने पाहतो. यजमानाला चहा देणे सोपे होते, त्याला त्याची काहीच किंमत द्यावी लागली नाही. किंमत पाहुण्यांना द्यावी लागली. परक्याचा पाहुणा होणे हे यजमान होण्याहून कठीण आहे, हे त्या एका कपाने दाखवून दिले. विहिरीच्या काठी पाणी मागणारा येशू कोणते धाडस करत होता, ते पुणेकरांना तेव्हा चांगले कळावयास हरकत नव्हती.

केडगाव

पंचहौदच्या कामात इंग्लंडमधील वाँटेज येथील भगिनींचा वाटा होता. या भगिनींची ओळख पंडिता रमाबाईंना पुण्यात झाली आणि १८८३ मध्ये त्या वाँटेजला गेल्या. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण उपासमारीने गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत राहिले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, ती काही वर्षांपूर्वी रानातला पाला खाऊन जगलेली मुलगी होती.

इंग्लंडमध्ये भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील एक आश्रम दाखवला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे घर दिले जाई. अशा स्त्रियांविषयी एवढी कळकळ कोठून येते, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना विहिरीकाठच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. आपल्या जीवनाला वळण देणाऱ्या प्रसंगांत रमाबाईंनी हा प्रसंग नोंदवला आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. १८९० च्या अखेरीस, म्हणजे त्या चहाच्या प्रकरणानंतर लगेच, ते पुण्यास आले. उच्चवर्णीय विधवांसाठी असलेल्या या घरात हिंदू मुलींना आपले आचार पाळण्याची मोकळीक होती. यजमानीण ख्रिस्ती असूनही पाहुण्यांचे सोवळे तिने मानले, ही लहान गोष्ट नव्हे. महर्षी कर्व्यांच्या पत्नी गोदूबाई याच सदनातल्या.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंना स्वतःची भूक आठवली. तुम्ही मिसरात परके होता हे विसरू नका, ही आज्ञा त्यांना ग्रंथातून शिकावी लागली नाही. त्या स्वतः तेथे गेल्या आणि निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. म्हणून या सर्वांना केडगावच्या शेतात तात्पुरत्या निवाऱ्यांत ठेवावे लागले. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजरातेत आजही त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात, आणि आपल्या बडोदे संस्थानालाही त्याची झळ चांगलीच लागली होती. त्या वेळी गुजरातेतूनही मुली केडगावला गेल्या. १९०० च्या सुमारास तेथे दीड हजारांवर माणसे होती.

येथे जातींची चौकशी नव्हती. समाजाने पतित ठरवलेल्यांसाठी कृपा सदन, वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन, अंधांसाठी बार्तमी सदन निघाले. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवली जाई. शेती, दुग्धशाळा, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना यांत याच स्त्रिया राबत. ‘दिदाखे’तील नियम येथे नकळत पाळला गेला. जी राहिली ती कामाला लागली, आणि काही काळाने तिनेच नव्याने आलेलीला जेवू घातले. पाहुणी यजमानीण झाली. ‘होस्पेस’ या शब्दाचे दोन्ही अर्थ केडगावच्या स्वयंपाकघरात एकत्र नांदले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्तीचे काम आजही चालू आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट निराळी. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे पतीकडे राहायला आल्या त्या आपले सोवळे आणि आपली चूल सांभाळून. ‘स्मृतिचित्रे’ मध्ये त्यांनी जातिभेदाची पकड सुटत गेल्याचे जे वर्णन केले आहे, त्यात उपदेशाचा लवलेश नाही. पाणी, भांडे, स्पर्श, ताट असा एकेक उंबरठा त्या ओलांडतात आणि आपल्याच धांदलीवर हसतात. पोरकी मुले, विद्यार्थी, गोसावी, पाहुणे यांनी भरलेले ते घर आतिथ्याचे मोठे दालन होते; पण तेथे पोहोचायला त्या माउलीला वर्षे लागली. मन बदलले तरी हात लवकर बदलत नाही, हे तिच्याइतके प्रांजळपणे मराठीत कोणी लिहिलेले नाही.

एक आक्षेप

श्रोत्यांपैकी अनेकांच्या मनात एव्हाना एक आक्षेप आला असेल, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. हे आतिथ्य निरपेक्ष होते काय? भाकरीबरोबर धर्मही वाढला जात होता, त्याचे काय?

हा प्रश्न पुण्यात १८९३ मध्येच विचारला गेला. रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या. मी कोणाला बोलावत नाही आणि आलेलीला दार लावत नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. ‘केसरी’ने टीका केली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली आणि तेथे पुष्कळ मुलींनी धर्मांतर केले.

टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य होते, असे मला वाटते. भुकेल्या मुलीची संमती ही पूर्ण मोकळी संमती नसते. जेथे यजमान बलवान आणि पाहुणा निराधार असतो, तेथे न बोललेली अटही पाहुण्याला ऐकू जाते. याच धर्माच्या सत्ताधाऱ्यांनी १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आणले, तेव्हा त्यांनी घरच्याच माणसांना परके केले होते. ख्रिस्ती समाजातही जातींच्या भिंती राहिल्या, हेही लपलेले नाही. परंतु दुसरी बाजूही मांडली पाहिजे. त्या मुली रस्त्याच्या कडेला पडल्या होत्या, तेव्हा त्यांच्या धर्माची काळजी करणारे आम्ही कोठे होतो? ज्याने दार उघडले त्याच्या दारातील दोष दाखवण्याचा अधिकार, ज्याने आपले दार उघडले त्यालाच पोहोचतो. आणि न्यायाच्या दिवसाचा तो दृष्टांत ख्रिस्ती यजमानालाही सोडत नाही. तेथे राजा किती जणांना बाप्तिस्मा दिला, असे विचारत नाही. भुकेल्याला जेवू घातले का, एवढेच विचारतो.

कोनाड्यातला कप

आता त्या कपाची हकीकत.

१९६० च्या सुमारास आपल्या शाळेत चित्रकलेचे एक शिक्षक होते. नगरकडचे, ख्रिस्ती, अबोल. शाळेच्या कामासाठी ते माझ्या आजोबांकडे येत. माझी आजी आतिथ्यासाठी साऱ्या आळीत प्रसिद्ध. आमच्या वाड्यातून माधुकरी मागणारा, वारकरी, वाट चुकलेला, कोणीही उपाशी गेला नाही. ड्रॉइंगच्या सरांनाही ती आवर्जून चहा देई; पण कोनाड्यातल्या त्या कपात. चहा पिऊन झाला की ते स्वतः अंगणातल्या नळावर कप विसळत आणि कोनाड्यात परत ठेवत. कोणी सांगत नसे, तरी ते तसे करत. त्यात काही वावगे आहे, असे आमच्यापैकी कोणालाही वाटत नव्हते.

एके दिवशी त्यांच्यासोबत आपले सर आले. आजीने एक चांगला कप आणि एक कोनाड्यातला कप असा चहा आणला. सरांनी सहज हात पुढे करून कान तुटलेला कप उचलला आणि चांगला कप ड्रॉइंगच्या सरांपुढे सरकवला. गप्पा चालूच राहिल्या. चहा संपल्यावर सर उठले, नळावर गेले, कप विसळला आणि कोनाड्यात ठेवला. जाताना आजीला वाकून नमस्कार केला. एक शब्द बोलले नाहीत.

आजीने तो कप नंतर कोणालाच दिला नाही. तिचे मन बदलले, की तिला केवळ संकोच वाटला, हे मला सांगता येणार नाही. ड्रॉइंगचे सर पुढे आले तेव्हा त्यांना घरातल्याच कपात चहा मिळाला, एवढे मी पाहिले.

ही सरांची गोष्ट झाली. माझी अशी. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी मी चित्रांची वही द्यायला ड्रॉइंगच्या सरांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने करंज्या आणि पाण्याचा पेला पुढे ठेवला. पोट दुखते आहे, असे मी सांगितले. ती माउली काय समजायचे ते समजली असावी. तिने करंज्या कागदात बांधून दिल्या आणि घरी जाऊन खा म्हणाली. वाटेत मी त्या गाईला घातल्या. सरांनी तो कप उचललेला मी डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्यानंतर मी हे केले. निवृत्त होऊन ते दांपत्य नगरकडे गेले. मी पुढे प्राध्यापक झालो, ‘स्मृतिचित्रे’ वर्गांत शिकवली, पंक्तिभेदावर व्याख्याने दिली. त्या करंज्यांविषयी आजवर कोठे बोललो नव्हतो.

श्रोतेहो, ख्रिस्ती आतिथ्यविचाराचा सारांश मला त्या दोन प्रसंगांत सापडतो. आजीपाशी दानत होती. परक्याला खाऊ घालण्यात ती कोणत्याही मठवासीयाला हार गेली नसती. उणीव होती ती एका कपाची. सरांनी तिला उपदेश केला नाही, मोठे मन करून ड्रॉइंगच्या सरांना वर उचललेही नाही. ते स्वतः त्या कपाच्या जागी जाऊन बसले. आणि मी जे केले त्यावरून एवढे कळते की परक्याला आपल्या घरात घेणे ही अर्धीच वाट आहे. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या हातचे घेऊन, त्याला यजमानपण देणे ही उरलेली वाट. विहिरीकाठच्या त्या प्रसंगाचा अर्थ मला इतकाच लागतो, आणि तो समजायला ख्रिस्ती असावे लागत नाही.

या सभागृहात आज निरनिराळ्या धर्मांची, जातींची आणि भाषांची मुले बसली आहेत. आपण बडोद्याचे मराठी भाषक स्वतः कधीकाळी या मुलखात परके म्हणून आलो आणि येथल्या गुजराती शेजाऱ्यांनी आपल्याला घरचे मानले. त्याची आठवण आपण ठेवली, तर आजचा विषय आपल्याला फार दूरचा वाटणार नाही. नाताळला, ईदला, दिवाळीला कोणी ताट पुढे केले, तर पोट दुखते म्हणून सांगू नका. बसा आणि जेवा.

सरांच्या स्मृतीला वंदन करून मी येथे थांबतो.